अनिरुद्धच्या नावानं सोडलेलं मीठ

२० एप्रिल, शनिवार

आज अनिरुद्धचं विमान पडलं.

‘पोलादी पंख’चा आजचा भाग तिथंच संपला. एकाहत्तरच्या लढाईतल्या वैमानिकांची ही मालिका संक्रांतीपासून आमच्या गावात घरोघरी चालू आहे. तीन मित्र, त्यांतला हा सगळ्यात धाकटा. शेपटीतून धूर निघाला, रेडिओवर तो ‘मी उडी घेतो’ एवढंच म्हणाला आणि पडदा पांढरा झाला. छत्री उघडलेली दाखवली नाही.

आमची ही, कपिलची आई, टीव्हीसमोर हात जोडून बसली होती. जाहिराती लागल्या तरी तशीच. मी म्हटलं, “नाटक हाये ते.” ती म्हणाली, “आवाज कमी करा, केवढा करून ठेवला.” मला तर आवाज बेताचाच वाटत होता.

२२ एप्रिल, सोमवार

गिरणीत आज दळण कमी आणि बोलणं जास्त. बाया डबे ठेवून जातात, दळण झालं की येतात, पण आज सगळ्या थांबून होत्या.

धुरपताबाई म्हणाली, “मेला नाई तो. मेला असता तं छत्री न उघडता खाली पडताना दाखवला असता.”

तांड्यावरची बिजलीबाई म्हणाली, “मंग जिवंत हाये तं छत्री काहून नाई दाखवली?”

“अवं, छत्री दाखवाले खर्च लागत असन.”

शंकरसिंग सतरा वर्षं फौजेत होते. ते गव्हाचं पोतं घेऊन आले होते. म्हणाले, “विमान असं वळतच नाई. असं वळलं तं पंख हातात येते.”

“तुमी तं फौजेत राशनची गाडी चालवत होते न भाऊ,” धुरपताबाई म्हणाली, “तुमाले पंख कुठं दिसले?” सगळ्या हसल्या. शंकरसिंगही हसले.

मग अनिरुद्धच्या बापाचा विषय निघाला. घरातून निघताना बाप त्याला म्हणाला होता, ‘जातोस तर मागं वळून पाहू नकोस.’ धुरपताबाईनं ते हातवारे करून पुन्हा दाखवलं आणि म्हणाली, “आता पाहा. पोरगं गेल्यावर बापाले कंठ फुटन.” हे म्हणताना ती माझ्याकडं पाहत होती. तिचा डबा भरत आला होता म्हणून असेल.

मला वाटतं, लिहिणाऱ्यानं बाप उगाच कडू केला. खरा बाप रागात बोलतो, मनात तसं नसतं. आणि पोरांना ते कळतं.

२३ एप्रिल, मंगळवार

हनुमान जयंती. पहाटे मारोतीच्या देवळात पाळणा झाला. सूर्य उगवताना गुलाल टाकला. मी टाळ धरला होता. या एका वेळी माझ्या मनात काही नसतं, फक्त टाळ असतो.

बायांनी अनिरुद्धसाठी नवस बोलले. गंमत वाटली, पण कोणी गमतीत बोलत नव्हतं. बिजलीबाईनं नारळ बोलला, धुरपताबाईनं पाच शनिवार. हवेत उडणारा म्हणजे मारोतीच्याच घरचा, असं त्यांचं म्हणणं. कपिलची आई सगळ्यांच्या मागून गेली, देवाच्या कानाशी तोंड नेऊन काही बोलली, आणि बाहेर येऊन म्हणाली, “मी मीठ सोडलं. तो घरी येईपावतर.”

मी म्हटलं, “अनिरुद्ध?”

“मंग कोण?” ती म्हणाली.

मला बरंच वाटलं. तिला चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. पांढरकवड्याचे डॉक्टर दर वेळी सांगतात, मीठ कमी करा, आणि ती दर वेळी हो म्हणून घरी येते अन् ठेचा कुटते. जे डॉक्टरला जमलं नाही ते एका मालिकेनं केलं.

२९ एप्रिल, सोमवार

अळणीचा सातवा दिवस. ती वरणात मीठ टाकण्याआधी आपली वाटी बाजूला काढून घेते. मी एक दिवस तिच्या वाटीतलं खाऊन पाहिलं. ओल्या कागदासारखं लागलं. ती शांतपणे जेवते, जणू आधीपासून असंच जेवत होती.

अनिरुद्धचा पत्ता नाही. मालिकेत त्याची आई रोज फाटकाशी जाऊन उभी राहते. आमची ही त्या वेळी पदर तोंडाशी धरते.

वर्षाची आठवण म्हणून लिहून ठेवतो. गेल्या एप्रिलमध्ये याच आठवड्यात कपिल गेला. हवाई दलाच्या भरतीत दुसऱ्यांदा लेखी पास झाला होता. वैद्यकीय तपासणीत कानात दोष निघाला. घरी येऊन म्हणाला, लहानपणापासून गिरणीत बसून अभ्यास केला म्हणून कान गेले. मला ते पटलं नाही. मी पंचवीस वर्षं या गिरणीत आहे, मला तर नीट ऐकू येतं. मी त्याला म्हटलं, “आभाळात बहिऱ्याचं काय काम? चक्कीवर बस.” दळणाला चार बाया बसल्या होत्या, त्या हसल्या. एवढंच झालं. तिसऱ्या दिवशी हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये बसून गेला. तिकडं कुठल्याशा गोदामात आहे. मला फोन करत नाही. आईलाही करत नाही, असं ती म्हणते.

आमच्या घरी हा विषय निघत नाही, ते बरंच आहे. ती त्यातून सावरली.

६ मे, सोमवार

ऊन फार आहे. दुपारी बारानंतर गिरणीच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही.

लोणच्याचे आंबे आले. कपिलच्या आईनं फोडी केल्या, ओंजळीनं मीठ घातलं, आणि चव पाहायला शेजारच्या पोरीला बोलावलं. स्वतःच्या बोटाला लागलेलं मीठ तिनं पाण्यानं धुतलं. मी म्हटलं, “बोट चाटलं तं मारोती काही पळून नाई जात.” तिनं बरणीचं तोंड फडक्यानं बांधलं.

संध्याकाळी माझ्या भावाची मुलगी दिपाली आली. ती यवतमाळला कॉलेजात आहे, सुट्टीवर आली आहे. मालिकेच्या पानावर लोक काय काय लिहितात, ते तिनं मोबाइलवर वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, अनिरुद्ध मेला असेल तर मी डिश काढून टाकतो. एक म्हणतो, एकाहत्तर साली अशी घड्याळं नव्हती. साताऱ्याच्या एका बाईनं लिहिलं, माझे दीर खरोखर असेच गेले, तुम्ही खेळ करू नका. तिच्याखाली कोणी हसण्याचं चित्र टाकलं होतं. दुसऱ्या कोणी त्याला शिव्या दिल्या होत्या.

कपिलची आई म्हणाली, “त्या बाईचं पुन्हा वाच.”

दिपालीनं तीनदा वाचलं.

११ मे, शनिवार

देवळातून येताना हिला गरगरलं. खांबाला धरून उभी राहिली. म्हणते, ऊन आहे. जेवण निम्म्यावर आलं आहे.

मी वामनरावांकडे गेलो. देवळाचं तेच पाहतात. नवस मध्येच सोडता येतो का, विचारलं. ते म्हणाले, “नवस बोलणाऱ्याचा नसते, घनश्याम. ज्याच्यासाठी बोलला त्याचा असते. त्यानं येऊन सोताच्या हातानं चिमूटभर मीठ दिलं की सुटते. आपल्याकडं तसंच चालत आलं.”

मी म्हटलं, “तो तं टीव्हीतला हाये.”

वामनरावांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, “टीव्हीतला हाये का?” आणि दिव्याची वात पुढं करू लागले. म्हातारपणात माणूस विसरतो.

मग मी दिपालीला सांगून मालिकेच्या पानावर लिहवलं. मी सांगत गेलो, तिनं टाइप केलं: ‘सप्रेम नमस्कार. मी गिरणी चालवतो. अनिरुद्ध परत यावा म्हणून माझ्या घरी मीठ बंद आहे. घरच्यांची तब्येत बरी नाही. तो येणारच असेल तर कृपया लवकर आणावा. येणार नसेल तर तसंही लवकर कळवावं. आपला, घनश्याम.’

हे लिहिताना मला लाज वाटली नाही. आता वाटते आहे.

१४ मे, मंगळवार

माझ्या त्या चार ओळींना सहाशेवर लोकांनी अंगठे दिले. दिपाली वाचत होती.

‘काका, आयोडिनयुक्त घाला.’

‘ही मालिकेवाल्यांचीच जाहिरात आहे.’

‘काकूंना साष्टांग. अशा बायांमुळे देश आहे.’

‘माझी आई पण जेवत नाहीये, काका. आम्ही पण हतबल.’

मालिकेवाल्यांचं उत्तर आलं: ‘आपल्या उदंड प्रेमाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! पाहत राहा, पोलादी पंख, सोमवार ते शनिवार.’ तेच उत्तर साताऱ्याच्या बाईलाही गेलं आहे, दिपालीनं दाखवलं.

एवढे लोक ऐकत आहेत आणि कोणाच्याच हातात काही नाही.

१७ मे, शुक्रवार

घाईत लिहितो, यवतमाळच्या दवाखान्यातून. आज सकाळी ती चुलीजवळ बसली होती आणि मला ओळखेना. म्हणाली, “गिरणी बंद हाये, उद्या या.” मला गिऱ्हाईक समजली. नंतर हातपाय आखडले. अन्सारभाईनं, आमच्या डिशचं काम करतो त्यानं, आपली गाडी काढली. विचारलं नाही, काही नाही. पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर इकडं पाठवलं. अन्सारभाई रस्ताभर एका हातानं गाडी चालवत होता आणि दुसऱ्या हातानं मागं पाण्याची बाटली देत होता.

इथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, “जेवणात मीठ आहे का?”

मी म्हटलं, “नाही. चोवीस दिवस झाले.”

“कुणी बंद केलं?”

मी मालिकेचं सांगितलं. त्या हसल्या. मी हसत नाही हे पाहून थांबल्या. मग समजावून सांगितलं. तिची जी रक्तदाबाची गोळी आहे ती लघवीवाटे शरीरातलं मीठ काढते. त्यात मे महिन्याचा घाम, त्यात जेवण तुटलेलं, त्यात मीठ बंद. सोडियम एकशे पंधरावर आलं. एकशे पस्तीसच्या वर पाहिजे. अजून एक-दोन दिवस घरी राहिली असती तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

आणि मी इतके दिवस मनात म्हणत होतो, बरं झालं, मीठ सुटलं.

१८ मे, शनिवार

सलाईन चालू आहे. फार हळू सोडतात. भराभर सोडलं तरी धोका आहे म्हणे. मी थेंब मोजतो, मग ‘राम’ म्हणत मोजतो.

ती डोळे उघडते, पुन्हा मिटते. दुपारी छताच्या पंख्याकडं बघत म्हणाली, “कपिल उतरला काय?” मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, “छत्री उघडली न त्याची?” मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, सोडियम कमी झालं की माणसं नावं, जागा चुकतात, दोन दिवसांत ठीक होईल. तेव्हा काळजी नाही. अनिरुद्धला कपिल म्हणते एवढंच.

दिपाली सोबत आहे. म्हणाली, “मोठेबाबा, कपिलदादाले कळवू काय?”

“त्याचा नंबर तुयाजवळ हाये?”

ती खाली पाहून हो म्हणाली.

मी म्हटलं, “कळव.” मी करत नाही, तू कर, असंही म्हटलं. तो मला काय बोलेल कोणास ठाऊक. तिनं सगळं लिहून पाठवलं. थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा आल्या. त्यानं वाचलं.

१९ मे, रविवार

सकाळी ती शुद्धीवर आली. मला ओळखलं. म्हणाली, “दाढी नाई केली तुमी.” मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.

शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू बोलकी. ती हिला म्हणाली, “तुमाले बी मिठाचंच पानी चढवून राह्यले न? माह्या सुनेले बी तेच.” हिनं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि सुई उपटून टाकली. रक्त चादरीवर. सिस्टर धावत आली, मलाच रागावली.

“मले सांगितलं काहून नाई?” ती मला म्हणाली. आवाज एवढासा, पण असा राग मी पाहिला नव्हता.

मी वामनरावांना फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. ते म्हणाले, “तोंडानं घेतलं काय बाई? नाई न? मंग रगतातून गेलेलं मारोती धरत नाई. जिभेवर नाई ठेवलं की झालं.” तिनं मुकाट्यानं हात पुढं केला. सिस्टरनं दुसऱ्या शिरेत सुई घातली.

निळ्या खुणांच्या पुढं काही आलं नाही.

२२ मे, बुधवार

घरी आलो. सोडियम एकशे एकतीस. ती गोळी बदलून दुसरी दिली. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जेवणात नेहमीएवढं मीठ सुरू झालंच पाहिजे, नाहीतर पुन्हा याल, आणि दर वेळी वेळेवर पोहोचाल असं नाही.

तिला सांगितलं. ती ऐकते, मान हलवते, आणि आपली वाटी बाजूला काढते.

धुरपताबाई येऊन भांडली. “तुया जीव गेल्यावर तो येऊन काय करन व? तेरवी खाईन?” ती म्हणाली, “यीन. उशीर होऊन राह्यला, पण यीन.” धुरपताबाई मग माझ्यावर आली. “तुमी कायले बसले असे? बाप हाये की पाट्याचा दगड?” बाप कशाला म्हणाली, नवरा म्हणायचं असेल.

मी दिपालीकडून नंबर घेतला. गिरणीत जाऊन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला नाही. मी करतो आहे हे त्याला कळलं असेल का? माझा नंबर त्याच्याकडं अजून असेल का?

टीव्हीवर खालून पट्टी सरकली: ‘पोलादी पंख, अंतिम भाग, शनिवारी.’ पाहणारे कमी झाले म्हणे. आमच्या गावात तर एकही कमी झाला नव्हता.

२४ मे, शुक्रवार

आज पुन्हा तिला गरगरलं. भिंत धरून न्हाणीत गेली. रात्रीसारखा काळोख आला म्हणते, भर दुपारी.

मी देवळात बसून आलो. मागितलं काहीच नाही. काय मागावं ते सुचेना. तिचा नवस मोड म्हणून मारोतीलाच कसं सांगायचं?

२५ मे, शनिवार

सकाळी घरची ज्वारी दळली. दळताना तिच्यात मीठ टाकलं.

दोन पायल्यांना दोन मुठी. आधी खडे पाट्यावर वाटून घेतले, मग धारेत थोडं थोडं सोडलं, सगळीकडं सारखं व्हावं म्हणून. पंचवीस वर्षांत कोणाच्या दळणात मी काही मिसळलं नाही. एका बाईचे दाणे दुसरीच्या पिठात जाऊ नयेत म्हणून जातं झाडत आलो. आज माझ्याच घरच्या पिठात, माझ्याच बायकोला न सांगता. मॅडम म्हणाल्या होत्या, अशा दुखण्यात तोंडाची चव जाते. मी धरून चाललो की तिला कळणार नाही. पाप माझ्या माथी, तिच्या नाही, एवढं मारोतीला सांगितलं.

संध्याकाळी शेवटचा भाग झाला. आमच्या घरी सात-आठ बाया जमल्या होत्या. युद्ध संपलं. दोघा मित्रांना पदकं मिळाली. अनिरुद्धचं पदक त्याच्या आईनं घेतलं. ‘त्यांचा शोध कधीच लागला नाही’ अशी पांढरी अक्षरं आली आणि नावं वर सरकू लागली. बिजलीबाई ओक्साबोक्शी रडली. धुरपताबाईनं मालिकेवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. शंकरसिंग दारात उभे होते, टोपी काढून.

कपिलची आई रडली नाही. म्हणाली, “झालं का? चला, स्वयंपाक राहिला.” मला वाटलं, बरं झालं, तो आला नाही, मालिकाच संपली, म्हणजे नवसही आपोआप संपला. वामनरावांना विचारायचं मनात होतं.

बाया गेल्या. तिनं भाकरी थापल्या. मला वाढलं, आपली अळणी वाटी घेऊन समोर बसली. पहिला घास मोडला, वरणात बुडवला, तोंडात टाकला. मी खाली पाहून जेवत होतो.

तिचं चावणं थांबलं.

महिनाभर मीठ न लागलेल्या जिभेला मी काय समजत होतो. ती घास तोंडात धरून बसली. मला वाटलं, थुंकेल. मला वाटलं, ताट फेकेल, आणि मी ते सोसणार होतो.

तिनं घास गिळला. सावकाश, सगळा. मग माझ्याकडं पाहिलं. असं तोंड मी तिचं वर्षभरात पाहिलं नव्हतं. नव्या नवरीसारखं झालं होतं.

“आला?” ती म्हणाली.

माझा हात ताटातच राहिला.

“कवा आला? मले सांगितलं नाई. त्यानंच दिलं न मीठ, सोताच्या हातानं?” ती उठलीच. भिंतही धरली नाही. “गिरणीत बसवलं काय त्याले? उपाशीच बसवलं?”

ती खरकट्या हातानंच गिरणीकडं गेली. तिकडचा दिवा लागला. “कपिल,” तिनं हाक मारली. मग परसात गेली. न्हाणीजवळ, गोठ्याजवळ, पुन्हा गिरणीत. “कपिल, लपतं काय रे, लहान हाये काय तू?” ती हसते आहे.

वही पुढ्यात ओढून मी हे लिहितो आहे. ती अजून शोधते आहे. लिहिणं संपलं की मला उठून तिला सांगावं लागेल.